भांड्याचा सेट, नव्वद दिवस आणि पांढरी वही

आमच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या दोन वाद आलटून पालटून चालतात, आणि गंमत अशी की दोन्हीकडे तावातावाने लिहिणारी माणसं तीच आहेत. पहिला वाद, कामाला माणूस मिळत नाही. जुळे सोलापुरात घर बांधणारा एक मित्र लिहितो की बिगारी सहाशेच्या खाली बोलतच नाही, बायका तर लाडक्या बहिणीचे पैसे यायला लागल्यापासून घमेलं उचलायला तयार नाहीत, सरकारने फुकट खायची सवय लावली. दुसरा वाद बांधकाम कामगारांना सरकारी मंडळाकडून मिळणाऱ्या भांड्याच्या सेटचा. ज्यांनी आयुष्यात थापी धरली नाही ते लायनीत उभे राहून कुकर, परात, डबे घेऊन गेले, खरा कामगार राहिला बाजूला, सगळं बोगस, योजनाच बंद करा.

पहिल्याचा हिशोब सोपा आहे. महिन्याला दीड हजार म्हणजे रोजचे पन्नास रुपये. पन्नास रुपयात सोलापुरात कोण घरी बसून खातंय ते मला दाखवा, मी जपानहून पुढच्या विमानाने येतो बघायला.

आणि माणूस मिळत नाही म्हणणाऱ्याने सकाळी नऊला मजूर अड्ड्यावर गाडी थांबवून बघावी. अक्कलकोटकडनं, मंद्रूपकडनं, काही पार इंडीकडनं आलेली माणसं उभी असतात, हातात भाकरीचं फडकं, गवंडी असेल तर पिशवीतनं थापीचा दांडा मुद्दाम बाहेर काढलेला, म्हणजे गिऱ्हाईकाला लांबूनच कळावं. एक मोटारसायकल थांबली की दहाजण गराडा घालतात. मोटारसायकलवाला हेल्मेट पण काढत नाही, दोन बोटं वर करून "दोघं, चेंबर खोदायचंय" म्हणतो आणि मागून कुणीतरी शंभर कमी सांगतो. साडेदहानंतर उरलेले अर्ध्या हजेरीवर जायला पण तयार असतात, अकराला घरी. माणूस मिळत नाही याचा खरा अर्थ आपल्याला पाहिजे त्या दिवशी, पाहिजे त्या भावात, उद्याची काहीही गॅरंटी न देता मिळत नाही, एवढाच आहे.

दुसरा वाद मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात तथ्य आहे, फक्त सगळे चुकीच्या माणसावर चिडलेत. मूळ भानगड बघा. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का सेस, म्हणजे उपकर, घ्यायचा आणि तो बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे जमा करायचा असं ठरलं. त्यातून मुलांची स्कॉलरशिप, बाळंतपण, कामावर मेला तर वारसाला पाच लाख, आणि ती भांडी. म्हणजे ते फुकट नाहीच, बांधकामाच्याच पैशातलं आहे. नोंदणीची फी आता फक्त एक रुपया. मोठी अट एकच, वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला पाहिजे.

आता अड्ड्यावरच्या माणसाने हा दाखला आणायचा कुठून? सोमवारी एका मालकाकडे प्लॅस्टर, मंगळवारी दुसऱ्याकडे माती, बुधवार खाडा, गुरुवारी कुणाच्या तरी स्लॅबवर. नव्वद दिवसांचे पन्नास मालक. त्यातल्या अर्ध्यांचं नाव त्याला माहीत नाही आणि त्याचं तर कुणालाच माहीत नाही, "ए मामा" नाहीतर "ए बाई" म्हणून दिवस गेलेला. गावात ग्रामसेवकाने दाखला द्यायचा म्हणतात, पण ज्याने काम बघितलंच नाही त्याने सही कशाच्या जोरावर करायची? मग मधे एजंट येतो. एजंटला कोण खरा कोण खोटा याच्याशी घेणं नाही, पैसे दिले की नव्वद दिवस तयार. खऱ्या गवंड्यालाही खोटा दाखला घ्यावा लागतो, आणि एकदा दोघांचे कागद सारखेच खोटे झाले की बोगस ओळखायचा कसा.

इथं ओसाकात मी शिन-इमामिया स्टेशनवर गाडी बदलतो. स्टेशनला लागूनच कामागासाकी म्हणून वस्ती आहे, जपानमधला सगळ्यात मोठा मजूर अड्डा. १९७० च्या एक्स्पोच्या, म्हणजे जागतिक प्रदर्शनाच्या, कामांसाठी देशभरातून एकटे पुरुष इथं आले, पूल बांधले, रस्ते बांधले, तिथल्याच स्वस्त लॉजच्या खोल्यांत राहिले आणि म्हातारे झाले. अजूनही पहाटे व्हॅन लागतात. व्हॅनच्या काचेवर कार्ड असतं, त्यावर काम कसलं, कुठं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि रोज किती हे सगळं लिहिलेलं. भाव गाडीत बसायच्या आधी कळतो, संध्याकाळी साइटवरून निघताना "आज सुट्टे नाहीत, उद्या घे" असला प्रकार करायला जागा कमी.

पण मला खरी भारी वाटली ती पांढऱ्या कव्हरची वही. रोजंदारी मजुराच्या बेकारी विम्याची वही ती. मालकाने पोस्टातून विम्याची तिकिटं विकत घ्यायची, आणि मजुराने काम केलं की वहीतल्या त्या तारखेच्या चौकोनात तिकीट चिकटवून वर शिक्का मारायचा. तिकिटाची किंमत दोघांत निम्मी निम्मी. मालक रोज वेगळा असला तरी चालतं, कारण वही मजुराच्या खिशात असते. दोन महिन्यांत २६ तिकिटं झाली की पुढच्या महिन्यात ज्या दिवशी काम मिळालं नाही त्या दिवसाचा भत्ता, वरच्या दराने ७,५०० येन, महिन्यात तेरा ते सतरा दिवसांपर्यंत. मजुराला मागनं कुणाच्या दारात जाऊन "साहेब, मी तुमच्याकडं काम केलं होतं" असं सांगत बसावं लागत नाही.

आता लगेच ग्रुपवर "बघा जपान" म्हणून फॉरवर्ड करू नका. १९६१ मध्ये याच वस्तीत एका म्हाताऱ्या मजुराला टॅक्सीने उडवलं आणि पोलिसांनी त्याला मेला समजून तिथंच झाकून ठेवलं, त्यावरून मोठी दंगल झाली होती. दलालांनी इथंही पोटभर खाल्लं, त्यात गुंड टोळ्यांचा हात होता. वहीची तिकिटंसुद्धा काळ्या बाजारात विकली जायची, म्हणजे बोगस काय फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. मजूर भरतीची मोठी इमारत २०१९ ला बंद झाली, काउंटर गेला रेल्वेच्या पुलाखाली, आणि पांढरी वहीवाले आता थोडेच उरलेत. २०२५ च्या एक्स्पोत तर काही परदेशी पॅव्हेलियनची कामं केलेल्या छोट्या ठेकेदारांचे पैसे अडकले, ते रस्त्यावर आले. आणि आज साइटवर जी तरुण पोरं दिसतात त्यातली बरीच व्हिएतनाम, इंडोनेशियाची, प्रशिक्षणार्थी म्हणून आणलेली, ज्यांना सहजासहजी मालक बदलता येत नाही. आपल्या अड्ड्यावरचा गवंडी निदान नाही म्हणून पाठ तरी फिरवू शकतो. त्यामुळे मला जपानची आरती करायची नाहीये, मला फक्त ती वही पाहिजे.

आणि वहीसाठी जपानला जायची पण गरज नाही हो. आमची आजी विड्या वळायची. अशोक चौकापासून अक्कलकोट रोडपर्यंत पूर्व भागात कितीतरी घरांत हेच. तिच्याकडे कार्ड होतं, वही होती, कारखान्यात विड्या टाकल्या की किती हजार टाकल्या ते लिहून मिळायचं. छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकलेल्या विड्या, जास्त काढतात म्हणून ती मुनिमाला मराठीत आणि तेलुगूत अशा दोन भाषांत शिव्या द्यायची, एका कार्डावर दोघींचं काम दाखवायचे प्रकार पण चालायचे, सगळं होतं. पण विडी कामगारांचा १९६६ चा कायदा होता, लाल बावट्याची युनियन होती, आणि लिहिलेलं होतं म्हणून प्रॉव्हिडंट फंड मिळाला. काम घरी बसून करायचं आणि तरी ती कामगार होती, कागदोपत्री. कुंभारीला रे नगरची तीस हजार घरं ठरली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या दिल्या गेल्या, ती विडी, यंत्रमाग, बांधकाम अशा असंघटितांसाठी. म्हणजे सोलापूरला हे जमत नाही असं नाही. विडीवालीचा दिवस लिहिला जातो आणि तिच्याच शेजारच्या बिगाऱ्याचा जात नाही, एवढाच फरक.

त्यात नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नवे कायदे, आल्यात. स्वतःच्या राहत्या घराच्या बांधकामाला आधी दहा लाखांपर्यंत सेस माफ होता, आता पन्नास लाखांपर्यंत. सोलापुरात अड्ड्यावरनं माणूस नेणारा बहुतेक असाच असतो, वरचा मजला चढवणारा, बाथरूम काढणारा, कंपाउंड घालणारा. तो सेस भरणार नाही, दाखला देणार नाही, आणि ग्रुपवर येऊन बोगस कामगारांवर लेख पाडणार. बिल्डरला शिव्या घालणं सोपं आहे, पण अड्ड्यावरचे गिऱ्हाईक आपणच आहोत राव.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे, जो काम करून घेतो त्याने त्याच दिवशी लिहून द्यावं, मजुराच्या वहीत नाहीतर मोबाईलवर, कसंही. आमच्याच घरावर वरच्या मजल्याचं काम चालू आहे, तिथूनच सुरुवात कर म्हणून भावाला फोन केला. गवंड्याला नऊशे, बिगाऱ्याला सहाशे, बाईला चारशे, डोक्यावर तीच पाटी असून चारशे, तो वेगळाच विषय. पैसे देतोसच, तर प्रत्येकाच्या वहीत तारीख टाकून सही कर की, म्हटलं. भाऊ जरा थांबला आणि म्हणाला, "अबे, उद्या कोण परांचीवरनं पडलं तर ती सही घेऊन माझ्याच दारात येतील की."

चला, घरचा माणूस निदान खरं तरी बोलला. ग्रुपवर हे कुणी लिहीत नाही, तिथं सगळे कुकर आणि परातीवरच अडकलेत. मी विचारलं, मग आत्ता कोण पडलं तर बघणार कोण? म्हणाला, ठेकेदार बघेल. हा ठेकेदार म्हणजे परवापर्यंत त्याच अड्ड्यावर थापी घेऊन उभा राहणारा गवंडी, आणि त्याची स्वतःची मंडळाची नोंदणी मागच्या वर्षीच संपलीय, नव्वद दिवसांचा दाखला मिळाला नाही म्हणून.