कोरडं चालवाल, तर धडधाकट इंजिन जाळाल

‘वर्षानुवर्षं पडून असलेलं बोटीचं इंजिन पाच मिनिटांत चालू करा, मेकॅनिकला एक रुपयाही देऊ नका’ असा मेसेज सध्या जोरात फिरतोय. गोदावरीला पूर आला की मदतीला धावणाऱ्या पोरांच्या गटात माझा भाचा आहे. त्यांच्याकडे कोकण किनाऱ्यावरून आणलेलं जुनं टू-स्ट्रोक इंजिन शेडमध्ये पडून आहे. मेसेज वाचून त्याचा फोन आला, “मामा, रविवारी असंच करून बघू का?” अजिबात नाही. नाशिकला ज्याच्यावरून पुराची उंची मोजतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलेलं असताना हे इंजिन भर प्रवाहात बंद पडलं, तर बोटीतल्या माणसांचं काय होईल?

मेसेजमध्ये पाच गोष्टी सांगितल्यात. स्पार्क प्लगच्या भोकात पेट्रोल ओतून तिथेच ठिणगी तपासा. इंजिन स्टँडवर लावून ‘आवाज मोकळा होईपर्यंत’ दहा मिनिटं पळवा. जुन्या पेट्रोलवर नवं ओता. ऑईल कुठलंही चालतं, जास्त पडलं तर उत्तमच. आणि जाम असेल तर दोघांनी मिळून दोरी ओढा.

सगळ्यात घातक आहे ते स्टँडवरचं पळवणं. स्कूटरच्या इंजिनाला वारा गार करतो, मोटारीच्या इंजिनाला रेडिएटर. बोटीच्या या इंजिनाला दोन्ही नसतात. खालच्या पायात, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या भागात, रबरी पात्यांचा एक छोटा इम्पेलर असतो. तो नदीचंच पाणी वर खेचतो आणि इंजिनात खेळवतो. ती पाती इम्पेलरच्या डबीला आतून घासतच फिरतात आणि त्यांना वंगण असतं ते फक्त पाण्याचं. पाणी नसेल तर पाती तापून फाटायला दहा मिनिटं कशाला, काही सेकंद पुरतात. त्यात इंजिन बरीच वर्षं एकाच जागी असेल तर पाती वाकून कडक झालेली असतात. फाटलेले तुकडे पाण्याच्या वाटांमध्ये जाऊन अडकतात, मग नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापतच राहतं. आमचं इंजिन खाऱ्या पाण्यातून आलेलं, म्हणजे त्या वाटांमध्ये आधीच मीठ साचलेलं असणार. थंड करणाऱ्या पाण्याशिवाय इंजिन चालवू नका, हे यामाहाच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट बजावलेलं आहे. बनवणारा नको म्हणतो तिथे मेसेज लिहिणाऱ्याचं कोण ऐकणार?

करायचं असं: आधी इम्पेलर बदला. मग इंजिनाचा पाय पाण्याच्या मोठ्या ड्रममध्ये असा बुडवा, की पाणी बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर राहील. हे सगळं उघड्यावर. बंद शेडमध्ये धुराने माणूस मरतो. इंजिन चालू झालं की मागून पाण्याची धार आली पाहिजे. थोड्या वेळात नाही आली, तर ताबडतोब बंद.

पेट्रोल ओतून तिथेच ठिणगी पाडणं ही आग लावायची कृती आहे. प्लग काढून दोरी ओढली की त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि ठिणगी देणारी वायर शेजारीच लोंबत असते. भोकात घालायचंच असेल तर चमचाभर टू-स्ट्रोक ऑईल घाला, रात्रभर मुरू द्या. ठिणगी तपासायची ती आधी, पेट्रोल लांब ठेवून.

जुन्या पेट्रोलमध्ये नवं मिसळून काही साधत नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा धरतं, आणि नाशिकच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. पाणी जास्त झालं की इथेनॉल ते घेऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिन आधी तळातलंच ओढतं. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑईलचं, आणि त्या थरात ऑईल जवळजवळ नसतंच. टाकी रिकामी करा, चिरलेल्या रबरी नळ्या बदला, कार्बोरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक भोकं, साफ करा.

इथे एक मान्य करायला हवं. ‘इंजिन मेलेलं नसतं, फक्त तुंबलेलं असतं’ असं मेसेजमध्ये एक वाक्य आहे, ते बऱ्याचदा खरं निघतं. जुनी टू-स्ट्रोक इंजिनं साधी आणि दणकट असतात. पुष्कळदा दोष कार्बोरेटरमध्ये सुकलेल्या चिकट पेट्रोलचाच असतो. पण म्हणूनच तर ते जपून उघडायचं!

ऑईल कुठलंही चालत नाही. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ ही बोटीच्या टू-स्ट्रोक ऑईलची खूण लिहिलेली पाहून घ्या. मोटरसायकलचं फोर-स्ट्रोक ऑईल यात घालू नका. प्रमाण तुमच्या मॉडेलचं. ५०:१ (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑईल) असेल तर लिटरला २० मिली. त्याहून बरंच जास्त ओतलं की प्लग काळा पडतो. आणि जाम इंजिनाची दोरी दोघांनी ओढली तर दोरी तुटेल किंवा पिस्टनच्या रिंगा. प्लग काढून, ऑईल मुरल्यावर फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं जड चाक, हाताने हळूहळू फिरवा.

गिअर ऑईलबद्दल मेसेजमध्ये अक्षरही नाही. पायाचा खालचा स्क्रू सैल करून थोडं ऑईल बाहेर येऊ द्या. दुधासारखं पांढरट दिसलं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. सील बदलल्याशिवाय ते इंजिन बोटीला लावू नका.