चिंता नेमकी कुणाची?

डॉक्टरने तीन वाक्यांत विषय मिटवून टाकला होता. "चिंता म्हणजे शरीराची धोक्याची घंटा. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, तळहात ओले होतात. धोका नसताना घंटा वाजत राहिली की उपचार करायचे."

"आणि धोका कसला तेच सांगता येत नसेल तर?" मास्तर सरसावून बसले. "डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दने १८४४ मध्येच लिहून ठेवलंय, खोल दरीत डोकावलं की घेरी येते. तिचं कारण जितकं दरीत, तितकंच बघणाऱ्याच्या डोळ्यात. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र पुढे म्हणाला, कड्यावर नुसती पडायची भीती नसते, मी स्वतःच उडी मारू शकतो हे कळतं, त्याने पाय लटपटतात. हा आजार नाही. स्वातंत्र्याची जाणीव आहे."

ताई इतका वेळ गप्प होती. "पण माणसाला कड्यावर आणून सोडलं कुणी? पूर्वी शिक्षण, नोकरी, लग्न सगळं घरची मोठी माणसं ठरवायची. जीव गुदमरायचा, पण चुकलं तर खापर एकट्याच्या डोक्यावर फुटत नसे. आता निर्णय तुझा आणि अपयशही तुझंच. माझा मुलगा नोकरीच्या पत्राला 'स्वीकारतो' असं लिहितो, खोडतो, परत लिहितो. अंगठा 'पाठवा'वर, आणि श्वास अडकलेला."

"म्हणून रात्री तीनला घामाने थबथबून उठणाऱ्याला मी समाजशास्त्र शिकवू?" डॉक्टर चिडला.

मला त्याचं हे म्हणणं सगळ्यात वजनदार वाटलं. त्या माणसाला आधी झोप हवी, आणि औषधाने किंवा समुपदेशनाने ती मिळत असेल तर त्यात कमीपणा कसला?

मास्तरांनी निकषांवर बोट ठेवलं. सतत चिंतेचं निदान करायला बहुतेक दिवस चिंता आणि किमान सहा महिने, ही रेघ कुठून आली? डॉक्टर म्हणाला, रेघ कुठेतरी मारावीच लागते, शिवाय रोजचं जगणं अडतंय का तेही बघतो. इथे दोघांचं बरंच जुळलं.

माझा राग वेगळाच आहे. तीन-तीन महिन्यांच्या करारावर माणसं राबवायची आणि त्यांच्यासाठीच ताणमुक्तीची कार्यशाळा भरवायची! चिंता तयार करणारा नामानिराळा, आणि श्वास मोजायचा कामगाराने.

"तुला बोलावतात ना अशा ठिकाणी?" ताईने डॉक्टरला विचारलं.

"बोलावतात. श्वासाचे व्यायाम शिकवतो. लोकांना बरं वाटतं, खोटं नाही ते."

"मग कराराबद्दलही बोल."

"बोललो तर पुन्हा बोलावणार नाहीत."

"मग निदान तुझ्याकडे येणाऱ्याला तरी सांग, की सगळा दोष त्याच्या मनाचा नाही."

"ते सांगतो," डॉक्टर म्हणाला. "पहिल्याच भेटीत."