एकाग्रता हवी असेल, तर प्राणायामाला वेळ द्या

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यापासून आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत योग हा श्रेयांकांचा विषय झाला आहे, आणि पदवीच्या मुलांना शिकवणारी व्यक्ती म्हणून मला त्याचा मनापासून आनंद आहे. परंतु एकाग्रतेशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध आहे, तो प्राणायामच वर्गात जेमतेम उरकला जातो, असे माझे मत झाले आहे. आसनांना गुण देता येतात आणि त्यांचे फोटोही चांगले येतात. श्वासाचे तसे नाही.

पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या भागात, म्हणजे साधनपादात, प्राणायामाचे विवेचन संपवताना ‘धारणासु च योग्यता मनसः’ असे सूत्र दिले आहे, म्हणजे मन एका जागी स्थिर करण्याची पात्रता या अभ्यासातून येते. शरीरशास्त्राच्या अंगानेही हे पटते. निवांत बसलेल्या प्रौढ व्यक्तीचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. तो सावकाश ६ च्या आसपास आणला आणि उच्छ्वास लांबवला, की हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरील प्रभाव वाढतो, उच्छ्वासाबरोबर नाडी मंदावते आणि परीक्षेच्या धास्तीने आलेला ताण उतरू लागतो. धास्ती ओसरली, की समोरच्या परिच्छेदासाठी लक्ष शिल्लक राहते.

अनुलोम-विलोम करणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याकडे जरा पाहावे. उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून तो डावीने श्वास घेतो, बाजू बदलतो, आणि चार-सहा आवर्तनांत मन प्रकल्पाच्या तारखेकडे निघून गेल्यामुळे आता कोणती बाजू, हेच त्याला आठवत नाही. ते ध्यानात येणे आणि पुन्हा श्वासावर येणे हीच तर एकाग्रतेची तालीम आहे, कारण अभ्यासिकेत पुस्तक उघडल्यावरही त्याला नेमके हेच करावे लागते.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना करून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या, त्यामुळे पुरावा मागण्याची परंपराही आपलीच आहे. एकाग्रता मोजण्याच्या एका चाचणीत अक्षरांनी भरलेल्या कागदावरची नेमून दिलेली अक्षरे ठरलेल्या वेळात खोडायची असतात, आणि किती सुटली, किती चुकीची खोडली गेली, हे मोजले जाते. योगाभ्यासानंतर या चाचणीतील कामगिरी सुधारल्याचे काही भारतीय अभ्यासांत दिसले आहे. मात्र असे गट बहुधा लहान असतात, आपण योग करतो आहोत हे विद्यार्थ्याला ठाऊक असते आणि तीच चाचणी पुन्हा देताना सरावानेही गुण वाढतात. म्हणून ‘योग केला की गुण वाढतात’ असे प्राध्यापकांनी मुलांना सांगू नये. रात्री दोनपर्यंत मोबाईल पाहणाऱ्याची झोपही प्राणायामाने भरून निघत नाही.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. पहिल्या तासाआधी पंधरा मिनिटे, एक शांत खोली आणि रोज येणारे प्रशिक्षित शिक्षक एवढे पुरे आहे. हजेरीची सक्ती नसावी, आणि ज्याला दमा किंवा तीव्र चिंतेचा त्रास आहे त्याला आधी डॉक्टरांचा अथवा समुपदेशकाचा सल्ला मिळावा. सत्र संपत आले की अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत योगाचे तास सर्वांत आधी रद्द होतात. निदान परीक्षेच्या त्या महिन्यात तरी ते चालू राहावेत, असा ठराव प्रत्येक महाविद्यालयाने करावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.