नालेसफाई झाली की पाणी तुंबत नाही? हिशेब मांडून बघा

दर जूनमध्ये एक मेसेज फिरतो: ‘नाले वेळेत साफ करा, गटारं आरसीसीची करा, केंद्राचा निधी आणा; शहरात पाणी तुंबणारच नाही.’ तिन्ही गोष्टी हव्यातच, पण ‘तुंबणारच नाही’ ही थाप आहे.

‘नाले साफ करा.’ दोन फूट रुंद, दोन फूट खोल गटारात आठ इंच गाळ साचला की वहनक्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. (काढलेला गाळ काठावरच ठेवला, तर पहिल्या सरीला तो परत आत.) पण हेच गटार अगदी लख्ख असलं, 400 मीटरला 1 मीटर उतार असला आणि काठोकाठ वाहिलं, तरी सेकंदाला 400 लिटरच्या आसपासच पाणी नेतं. तासाला 50 मिमी पाऊस पडला तर दहा हेक्टर मोकळ्या जमिनीवरून साधारण तेवढंच येतं. तिथे घरं, पेव्हर ब्लॉक, काँक्रीटचे रस्ते झाले की तोच पाऊस सेकंदाला 1,100 लिटर आणतो. वरचे 700 लिटर रस्त्यावरच राहणार. मुकादम कितीही प्रामाणिक असो.

‘गटारं आरसीसीची करा.’ करा, पण खालून वर: आधी नाला नदीला मिळतो ते मुख, मग रस्त्याखालच्या मोऱ्या, मग गल्ल्या. वरचं गटार तीन फुटी झालं आणि खालच्या मोरीत दोन फुटी पाइपच राहिला, तर खालच्या वस्तीत पाणी फक्त लवकर पोचतं. नदीची पूरपातळी मुखाच्या वर गेली की पाणी उलटं शिरतं. तिथे नदीचं पाणी अडवणारी झडप लागते, आणि झडप मिटल्यावर आत अडकलेल्या शहराच्या पाण्यासाठी पंप किंवा तळं. टेंडरमध्ये गटाराची लांबी-रुंदी सापडेल. उतार ज्यावर ठरतो ती तळाची पातळी सापडते का बघा.

‘केंद्राचा निधी आणा.’ 2015 च्या ‘अमृत’ या केंद्राच्या शहर-योजनेत पावसाळी गटारं होती, पण ती योजना मुख्यतः लाखावर लोकसंख्येच्या 500 शहरांची. बांधकामाला एकदा पैसे मिळतीलही. गाळ दरवर्षी येतो. तो घरपट्टीतूनच काढावा लागतो, आणि घरपट्टी वाढवायची म्हटली की हाच मेसेज पाठवणारे मोर्चात पुढे.

मेसेजमध्ये नसलेलं एक काम: 500 चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पाऊसपाणी संकलन राज्याच्या नियमावलीनेच सक्तीचं आहे. एवढ्या छपरावर 50 मिमी म्हणजे 25,000 लिटर. भोगवटा प्रमाणपत्राआधी हे पाणी जिरवायच्या खड्ड्यात टँकर ओतून पाणी किती वेळात जिरतं ते पाहावं. काळ्या मातीत ते जिरत नाही. खड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर टाकीच बांधावी लागते.