चार आण्यांचा सिनेमा खरंच सगळ्यांचा होता का?

गेले काही महिने एक मजकूर मोबाइलवर फिरतो आहे. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतल्या सिनेमा थिएटरांबद्दल तो आहे. त्याचं म्हणणं असं: तेव्हा चार आण्यात कुणालाही सिनेमा परवडायचा, थिएटरात उच्चनीच नव्हतं, राष्ट्रगीत झाल्याशिवाय खेळ सुरू होत नसे, सरकार सिनेमात लुडबुड करत नव्हतं आणि हे सगळं टीव्हीने संपवलं. माझं लहानपण त्याच काळातलं, मुंबईच्या गिरणगावातलं. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. त्या थिएटरांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच हा मजकूर मला खटकतो. त्यातून आमच्यासारखी माणसंच पुसली गेली आहेत.

आधी परवडण्याचं बघू. पुढच्या बाकांचं तिकीट चार-पाच आणे असायचं, हे खरं. पण तेव्हाचे चार आणे आजच्या खिशाने मोजून कसं चालेल? 1947 साली औद्योगिक न्यायालयाने मुंबईच्या कापड गिरणी कामगारांचा किमान मूळ पगार ठरवला तो 26 दिवसांना 30 रुपये. म्हणजे दिवसाला एक रुपया अडीच आणे. महागाईभत्ता वेगळा मिळायचा, पण खोलीचं भाडं, वाण्याची उधारी आणि गावची मनीऑर्डर त्यातूनच जायची. नवरा-बायको आणि दोन पोरं सिनेमाला गेली की तिकिटांचाच एक रुपया. त्यामुळे आमच्या चाळीत सहकुटुंब सिनेमा ही सणासुदीची गोष्ट होती. एरवी पुरुष एकेकटे जायचे. बायका जायच्या त्या संतपट किंवा पौराणिक लागलं की, किंवा ‘फक्त स्त्रियांसाठी’ खेळ असला की, शेजारणींचा घोळका करून. ‘कुणालाही परवडायचं’ असं म्हणणाऱ्याने चाळीतल्या बायकांना विचारलेलं दिसत नाही.

‘उच्चनीच नव्हतं’ हा दावा तर मला सहनच होत नाही. थिएटरची रचनाच उच्चनीचतेवर उभी होती. समोरच्या रस्त्यावर रुंद पायऱ्या, आरसे, फोटोंच्या काचेच्या पेट्या, ते बाल्कनीवाल्यांसाठी. पिटातल्यांसाठी, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त बाकांवर बसणाऱ्या आमच्यासाठी, बऱ्याच ठिकाणी बाजूच्या बोळातून वेगळं दार. आमची तिकिटाची खिडकी म्हणजे भिंतीत पाडलेलं एक भोक, जेमतेम मूठ आत जाईल एवढं. मुठीत पैसे घट्ट धरून हात आत घालायचा, आतला माणूस बोटं उलगडून पैसे काढून घ्यायचा आणि त्याच मुठीत तिकिटं कोंबायचा. गर्दीचा रेटा मागून असायचा, त्यामुळे हात बाहेर काढताना मनगट खरचटायचंच. आत लाकडी बाकं, आकडे नसलेली. जो आधी घुसेल त्याची जागा. पडदा इतका जवळ की मान वर करून बघावं लागे. ढेकूण होतेच. मध्यंतरात वरच्या मजल्यावरच्या माणसाशी आमची गाठ पडायचा प्रश्नच नव्हता, जिनेच वेगळे होते. छप्पर एक होतं, बाकी काहीही एक नव्हतं.

आणि ही भिंत एका थिएटरापुरती नव्हती. ती शहरभर होती. 1930च्या दशकात बांधलेली रीगल, मेट्रो, इरॉस ही दक्षिण मुंबईतली देखणी थिएटरं मुख्यतः इंग्रजी चित्रपटांची होती. हिंदी सिनेमा गिरगाव, लॅमिंग्टन रोड, दादर, लालबाग इथे लागायचा. रीगल-मेट्रोच्या भागात हिंदी सिनेमासाठी तशाच थाटाचं लिबर्टी उभं राहिलं ते 1949मध्ये, आणि ते ‘अंदाज’ने उघडलं. म्हणजे ज्या भाषेत देशातली बहुतेक माणसं सिनेमा बघत होती, तिला त्या भागात गादीची खुर्ची मिळायला स्वातंत्र्य यावं लागलं. ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे, पण ‘सगळे समान होते’ म्हटलं की ती सांगायचीच राहून जाते.

राष्ट्रगीताचं लवकर उरकतो. थिएटरांत राष्ट्रगीत सर्रास वाजू लागलं ते 1962च्या चीन युद्धानंतर, आणि तेसुद्धा खेळ संपल्यावर. बरीच माणसं तोवर दाराकडे निघालेली असत, म्हणून ती प्रथा पुढे ढिली पडत गेली. महाराष्ट्रात खेळाच्या आधी राष्ट्रगीत आलं ते 2003मध्ये. मजकूर लिहिणाऱ्याने अलीकडची गोष्ट पन्नास वर्षं मागे नेऊन ठेवली आहे. शिस्तीबद्दल म्हणाल, तर शिट्ट्या, पडद्यावर फेकलेली चिल्लर आणि रीळ तुटलं की होणारा आरडाओरडा हाच पिटातला सिनेमा होता, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

सरकार लुडबुड करत नव्हतं, हे मात्र कुठून आलं कळत नाही. सिनेमाशी सरकारचा संबंध तेव्हा जेवढा होता तेवढा आज नाही. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई झाली तेव्हा सरकारने चित्रपटाची लांबी 11,000 फुटांवर बांधून टाकली. मिनिटाला 90 फूट फिल्म सरकते, म्हणजे अवघे दोन तास. शिवाय सरकारी प्रचारपट दाखवणं थिएटरांना सक्तीचं झालं. युद्ध संपलं आणि ती सक्ती थोडा काळ गेली, पण 1948मध्ये सरकारचं फिल्म्स डिव्हिजन हे माहितीपट काढणारं खातं निघालं आणि वृत्तचित्र पुन्हा सक्तीने दाखवणं आलं. त्याचं भाडंही थिएटरवाल्यानेच भरायचं. मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी वेगवेगळी सेन्सॉर मंडळं होती, 1951मध्ये त्यांच्या जागी एक केंद्रीय मंडळ आलं.

पण पिटातल्या माणसाला खरा चटका होता करमणूक कराचा. मुंबई इलाख्यात तो 1923च्या कायद्याने आलेला होता. स्वातंत्र्यानंतर एकामागून एक प्रांतांनी तो वाढवला, कारण नव्या सरकारांना पैसा हवा होता आणि सिनेमा ही चैन समजली जात होती. कर तिकिटावरच बसायचा, म्हणजे भरायचा प्रेक्षकाने. प्रकरण इतकं तापलं की 30 जून 1949 रोजी देशभरातली थिएटरं निषेध म्हणून एक दिवस बंद राहिली. त्याच वर्षी काँग्रेस नेते स. का. पाटलांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट धंद्याची चौकशी समिती नेमली गेली, 1951मध्ये तिचा अहवाल आला, आणि त्यातही या करांच्या ओझ्याबद्दल लिहिलेलं आहे. ज्याला ‘मोकळा काळ’ म्हणतात त्या काळात थिएटरवाले कराच्या विरोधात टाळं लावत होते.

राहिला टीव्ही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972ला. त्यानंतर तीन वर्षांनी ‘शोले’ आला आणि मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं चालला. टीव्हीने थिएटर मारलं असतं, तर हे घडलं नसतं. पुढे व्हिडिओ आला, गिरण्या बंद पडल्या आणि पिटात बसणारा माणूसच शहराबाहेर फेकला गेला. थिएटरखालच्या जमिनीला आतल्या खेळापेक्षा जास्त भाव आला. आणि 2001नंतर महाराष्ट्रात नव्या मल्टिप्लेक्सना करमणूक करात काही वर्षं सूट मिळाली, तेव्हा जुन्या एकपडदा थिएटरांतला प्रेक्षक मात्र तो कर भरतच होता. ज्यांनी चार आण्यांच्या तिकिटावरही कर दिला त्यांच्या थिएटरांना ही सवलत नाही, आणि महागड्या खुर्च्यांना आहे, हा निर्णय सरकारने घेतला होता. त्याचं खापर टीव्हीवर फोडू नका.