‘शांत कोपऱ्या’चा फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय. मुलासाठी ‘शांत कोपरा’ म्हणून वेगळी खोली किंवा तंबू करा, भिंतीला निळा रंग द्या, डिफ्यूझरमध्ये (सुगंध पसरवणाऱ्या यंत्रात) कापूर टाका, तो नैसर्गिक म्हणून निर्धोक, वजनदार ब्लँकेट ठेवा. मूल रडू लागलं की तिथे एकटं बसवा, पाच मिनिटांत आपोआप शांत होईल.

‘एकटं बसवा’ याला माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता विकसित व्हायला पंचविशी उजाडते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला स्वतःला सावरता येत नाही, ते बळ आधी मोठ्यांकडूनच मिळावं लागतं. आई, बाबा किंवा आजी शेजारी बसली, आवाज खाली आणला, पाठीवरून हात फिरवला, की हुंदके हळूहळू ओसरतात. त्याला एकटं धाडलं की तोच कोपरा शिक्षेचा होतो. मूल गप्प झालं म्हणजे शांत झालं असंही नाही, ते दमलेलं किंवा घाबरलेलं असू शकतं. पाच मिनिटांचा हिशेबही सोडा. पोटात भूक असेल तर आधी वरणभात, कोपरा नंतर.

कापूर नैसर्गिक म्हणून निर्धोक, हे तर जिवावर बेतणारं आहे. पोटात गेलेल्या थोड्याशा कापरानेही लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि देवघरातला कापूर मुलांना खडीसाखरेसारखा वाटतो. गिळलाच तर उलटी काढायच्या फंदात न पडता थेट रुग्णालय गाठा. दोन वर्षांखालच्या बाळाला कापराचा बामसुद्धा लावू नका.

वजनदार ब्लँकेट तान्ह्या बाळाला नकोच. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या झोपेविषयीच्या मार्गदर्शनात ते स्पष्ट सांगितलं आहे. निळ्या रंगाबद्दल एवढंच, की टीव्ही बंद आणि उजेड मंद केला तर रंगकामाचा खर्च वाचेल.

राहिली वेगळी खोली. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या आईला हा फॉरवर्ड वाचून उगाच अपराधी वाटतं, याचं मला फार वाईट वाटतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तू वापरल्या आणि आदिवासी पाड्यांच्या अंगणात बालवाडी नेली. आपल्याला कपाटाशेजारची चटई, आजीची गोधडी आणि दोन चित्रांची पुस्तकं पुरतात. चिंचोके, मणी मात्र तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका, घशात अडकतात.

जागा मुलालाच निवडू द्या, तीही ते हसतंखेळतं असताना. रोज दुपारी तिथे बसून गोष्ट वाचा. रडू आलं तर विचारा, “गोधडीवर जाऊया का दोघं?” नाही म्हणालं, तर जिथे आहे तिथेच त्याच्याजवळ बसा.