डांगराची ड्युटी

कोल्हापुरात पहाटे उठायची दोनच मान्य कारणं: तालीम आणि गंगावेशीतलं धारोष्ण दूध. तिसरं मी काढलं आणि गल्लीत बदनाम झालो. सहाला गच्चीवर, डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, वेलापाशी उकिडवा.

पिवळीधमक फुलं लागली तेव्हा मीच पेढे वाटायचा बाकी होतो. मग कळलं, सगळी नर. ऊन कडक, दिवस मोठा, की वेल नर फुलंच काढत सुटतो. आमच्या पेठेतली तालीमच की!

अखेर एक मादी फूल आलं. खाली लिंबाएवढं डांगर आधीच चिकटलेलं. बायकोला हाका मारून दाखवलं. चौथ्या दिवशी ते पिवळं पडलं, मऊ झालं आणि गळलं.

"गच्चीवर मधमाश्या कुठल्या येत्यात? हातानं सेटिंग करा," कृषी सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला. "पर सकाळीच. ऊन चढलं की फूल मिटतंय." म्हणून ही ड्युटी. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतला दांडा मादी फुलात फिरवायचा. पराग इतका चिकट की चहाच्या कपालाही पिवळी बोटं.

तरीही दोन इवली डांगरं गळली. फूल आज उमललं तरी त्याचा पराग आधीच, कळीच्या पोटात तयार होतो. त्या दिवसांत पारा ३८ वर, स्लॅबचा तवा. पराग दिसायला भरपूर, दम काही नाही. शड्डू ठोकणारा, पण पहिल्याच डावात चीत.

मग वळीव आला. भिजलेला पराग फुगून फुटतो, म्हणून मी फुलावर छत्री धरून बसलो. शेजारच्या गच्चीवरून काका ओरडले, "कुणाला सावली धरालायसा ओ?"

एक डांगर मात्र टिकलं. पण एका अंगानं फुगलेलं, दुसरीकडं आक्रसलेलं. मादी फुलाच्या तोंडाला तीन पाळ्या असतात. मी झोपेत एकीवरच दांडा फिरवला असणार. जिकडं बी धरलं तिकडंच गर भरला. बायकोनं ते हातात फिरवून बघितलं.

"अहो, बाजारातनं अर्धा किलो फोड आणा. घारगे आजच करायचेत."

कपिलतीर्थ मार्केटात फोड उचलली आणि आधी बिया बघितल्या. दोन्ही अंगांनी गच्च. बघतच राहिलो.

"मामा," भाजीवाली म्हणाली, "न्ह्यायची हाय, का नुसती बघायची?"